लॉक फाइलचा पाठ आणि तिचे लेखनिक

ग्रंथाचा पाठ कोणी बदलला, कधी बदलला आणि कोणत्या अधिकाराने बदलला, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाहीत. हेच प्रश्न गेल्या पंधरा वर्षांत संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपुढेही उभे राहिले, आणि तेही एका अत्यंत रूक्ष दस्तऐवजाच्या निमित्ताने. ह्या दस्तऐवजाला लॉक फाइल म्हणतात. तो बहुधा हजारो ओळींचा असतो, यंत्रानेच लिहिलेला असतो, आणि कोणी माणूस तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचील अशी अपेक्षाही नसते. तरीही २०१७ सालापासून ह्या दस्तऐवजाविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागली : आम्ही काहीही बदलले नाही, मग ही फाइल बदलली कशी? वरवर पाहता ही एखाद्या आज्ञावलीतल्या दोषाची तक्रार वाटते. तिच्या मुळाशी मात्र 'नोंद' म्हणजे काय आणि ती करण्याचा अधिकार कोणाचा, ह्याविषयीचा संभ्रम होता. त्या संभ्रमाचा इतिहास येथे थोडक्यात मांडायचा आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आजची कोणतीही मोठी आज्ञावली एकटा माणूस आरंभापासून अंतापर्यंत लिहीत नाही. तारखांचा हिशेब करणे, इंटरनेटवरून माहिती मागवणे, पडद्यावरच्या अक्षरांना रंग देणे अशी नित्याची कामे करणारे तयार तुकडे इतरांनी लिहून ठेवलेले असतात. त्यांना पॅकेज म्हणतात. ही पॅकेजेस एका सार्वजनिक कोठारात असतात आणि तेथून ती आणून देणारा कारभारी म्हणजे पॅकेज मॅनेजर. लेखक आपल्याला काय हवे त्याची एक यादी करतो. यादीत दहा नावे असली, तरी त्या दहांपैकी प्रत्येकाला आणखी काही पॅकेजेस लागतात, त्यांना आणखी काही. आणि शेवटी घरात आलेल्या पाहुण्यांची संख्या शेकड्यांत जाते. त्यांतल्या बहुतेकांची नावेही यजमानाने ऐकलेली नसतात.

प्रत्येक पॅकेजाच्या अनेक आवृत्त्या असतात आणि प्रत्येक आवृत्तीला तीन आकड्यांचे नाव असते. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेले टॉम प्रेस्टन-वर्नर ह्यांनी ह्या आकड्यांसाठी एक संकेत मांडला. जुन्या वापराशी न जुळणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवावा, जुन्याला धक्का न लावता भर घातली तर दुसरा, आणि केवळ चूक दुरुस्त केली तर तिसरा. ह्या संकेतावर विसंबून लेखक यादीत नेमकी आवृत्ती न सांगता एक पल्ला सांगतो. जावास्क्रिप्टच्या जगातला कारभारी एनपीएम ह्याच्या यादीत १.२.३ ह्या आकड्यांपूर्वी टोपीसारखे एक चिन्ह काढले, तर त्याचा अर्थ '१.२.३ किंवा तिच्यानंतरची कोणतीही, पण २.०.० च्या अलीकडची' असा होतो. २०१४ पासून एनपीएम हे चिन्ह यादीत आपण होऊनच घालू लागला.

ह्यातली अडचण उघड आहे. सोमवारी ती यादी घेऊन कोठारात गेलेल्या माणसाला १.२.३ मिळेल आणि गुरुवारी गेलेल्याला १.२.४. यादी अक्षराने बदललेली नसते, पण तिच्यातून तयार होणारी वस्तू बदललेली असते. वाण्याला दिलेल्या यादीत 'पाच किलो तांदूळ' एवढेच असते. कोणता तांदूळ, कोणत्या भावाने, हे पावतीवर असते. लॉक फाइल ही ती पावती होय. प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती, ते कोणत्या पत्त्यावरून आणले तो पत्ता, आणि त्यातल्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ठसा, असा तपशील आजच्या बहुतेक लॉक फाइलींत असतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. यादीत इच्छा असते, लॉक फाइलमध्ये घडलेल्या गोष्टीची नोंद असते. पुढचा सारा इतिहास ह्या दोहोंतल्या ताणाचा आहे.

ही कल्पना प्रथम ठळकपणे रुजली ती रूबी ह्या भाषेच्या जगात. येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्च ह्यांनी लिहिलेल्या बंडलर ह्या कारभाऱ्याची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २०१० मध्ये आली. त्याच महिन्यात आलेल्या रेल्स ३.० ने बंडलर स्वीकारल्यामुळे लॉक फाइल रूबीच्या लेखकांच्या रोजच्या वापरात आली. बंडलरच्या कर्त्यांनी दोन गोष्टी आरंभीच ओळखल्या होत्या. यादीत एक नाव बदलले तर लॉक फाइलमधला तेवढ्याशीच संबंधित भाग बदलावा, बाकीच्याला हात लावू नये, ही पहिली. आणि तयार वस्तू लोकांच्या वापरासाठी पाठवताना लॉक फाइल वाचावी, पण तिच्यात लिहू नये. यादी आणि नोंद जुळत नसतील तर काम थांबवावे, ही दुसरी. पुढच्या दशकात ज्या गोष्टीवरून एवढा त्रागा झाला, तिचे उत्तर २०१० मध्येच उपलब्ध होते. ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आपोआप जात नाही, हे संगणकाच्या भाषांनाही लागू आहे.

एनपीएमचा जन्मही २०१० चाच. त्याचे कर्ते आयझॅक श्लूटर. परंतु तेथे लॉक फाइल आरंभी नव्हती. २०१२ मध्ये 'श्रिंकरॅप' नावाची सोय आली. वस्तूवर प्लॅस्टिकचे घट्ट वेष्टन चढवावे तशी ती कल्पना होती; पण ते वेष्टन लेखकाने आठवणीने चढवावे लागे, आणि बहुतेकांना त्याची आठवण होत नसे.

मार्च २०१६ मध्ये ह्या निश्चिंतपणाला तडा गेला. अझेर कोचुलू ह्या लेखकाच्या एका पॅकेजाचे नाव 'किक' होते आणि त्याच नावाच्या एका कंपनीने त्यावर हक्क सांगितला. एनपीएमने ते नाव कंपनीला दिले. कोचुलू ह्यांनी निषेध म्हणून आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस कोठारातून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. एखाद्या शब्दाच्या डावीकडे ठरावीक लांबी होईपर्यंत रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण अनेक मोठ्या आज्ञावल्या आडमार्गाने त्याच्यावर अवलंबून होत्या, आणि २२ मार्चला जगभर त्या बांधल्या जाईनाशा झाल्या. काही तासांत एनपीएमने ते पॅकेज परत ठेवले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे : लॉक फाइल असती तरी हे संकट टळले नसते. नोंदीत पुस्तकाचे नाव असते, पुस्तक नसते. ग्रंथालयातून पुस्तकच गेले तर सूची काय करणार? परंतु आपण कोणाकोणावर विसंबून आहोत हे आपल्याला माहीतच नाही, ही जाणीव ह्या प्रसंगाने सर्वांना करून दिली.

त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला फेसबुकने गूगल, एक्स्पोनंट आणि टिल्ड ह्यांच्या सहकार्याने यार्न हा नवा कारभारी जाहीर केला. तो एनपीएमच्याच कोठारातून माल आणी, पण लॉक फाइल न मागता लिही. टिल्डचे येहुदा कॅट्झ येथेही होते. मधल्या काळात, २०१४ मध्ये, रस्ट ह्या भाषेसाठी कार्गो नावाचा कारभारी उभारण्यातही कॅट्झ आणि लर्च ह्यांचा हात होता. बंडलर, कार्गो आणि यार्न अशी ही एक परंपराच म्हणता येईल. यार्ननंतर सातच महिन्यांनी, मे २०१७ च्या अखेरीस, एनपीएमची पाचवी आवृत्ती आली आणि तिने 'पॅकेज-लॉक' ही फाइल सर्वांसाठी आपोआप लिहायला सुरुवात केली.

आणि येथूनच ती तक्रार सुरू झाली.

एनपीएमची मुख्य आज्ञा 'इन्स्टॉल'. ही एकच आज्ञा दोन निराळी कामे करी. नवे पॅकेज आणून नोंद वाढवायची असली तरी तीच आज्ञा, आणि आहे त्या नोंदीप्रमाणे माल मांडायचा असला तरीही तीच. पहिल्या कामात नोंद बदलणे हाच हेतू असतो. दुसऱ्या कामात ती न बदलणे हा. आज्ञा देणाऱ्याच्या मनात कोणता हेतू आहे, हे यंत्राला कळायला मार्ग नव्हता. पाचव्या आवृत्तीच्या आरंभीच्या रूपात नोंद श्रेष्ठ मानली गेली. तेव्हा लोकांनी तक्रार केली की आम्ही यादीत हाताने बदल केला तरी कारभारी तो मानत नाही. जुलै २०१७ मध्ये ५.१ आली आणि यादी नोंदीशी जुळत नसेल तर यादी श्रेष्ठ ठरली; तेव्हा तक्रार उलटली, की लॉक फाइल जर यंत्रच पुन्हा लिहिणार असेल तर ती लॉक कसली? दोन्ही तक्रारी आपापल्या जागी खऱ्या होत्या. इच्छा आणि नोंद ह्यांत मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा, हे दोन महिन्यांत दोनदा ठरवले गेले, आणि दोन्ही वेळा ते आज्ञेच्या पोटात ठरले. आज्ञा देणाऱ्याला विचारून नव्हे.

ह्याहून विचित्र बदल निराळे होते. यादीही तीच आणि आवृत्त्याही त्याच, तरी फाइल बदललेली. त्यांची कारणे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीची वाटतील. एफएस-इव्हेंट्स हे पॅकेज केवळ मॅक संगणकावर लागते. मॅकवर काम करणाऱ्याने लिहिलेली लॉक फाइल लिनक्सवर काम करणाऱ्याच्या हाती गेली, की तेथल्या कारभाऱ्याने आपल्याला नको असलेला तो भाग गाळावा. आणि फाइल परत मॅकवर आली की तो पुन्हा भरला जावा, असे प्रकार घडले. एकाच पॅकेजाचा पत्ता एकाच्या फाइलमध्ये 'एचटीटीपी'ने सुरू होई, दुसऱ्याच्या 'एचटीटीपीएस'ने. मजकुराचा ठसा एकाकडे जुन्या शा-१ पद्धतीचा, दुसऱ्याकडे नव्या शा-५१२ पद्धतीचा. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये एनपीएमची सातवी आवृत्ती आली तेव्हा लॉक फाइलची मांडणीच बदलली, आणि ज्याच्याकडे नवा कारभारी होता त्याने जुनी फाइल उघडून साधी 'इन्स्टॉल' आज्ञा दिली, की फाइल नव्या मांडणीत उतरवली जाई. एकाच गटातल्या दोघांकडे कारभाऱ्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या असल्या, तर तीच फाइल ह्या हातातून त्या हातात जाताना प्रत्येक वेळी वळण बदली.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक सांगून ठेवत असे, की समोर जशी पोथी होती तशीच मी उतरवली; शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. ही लेखनिकाची विनवणी आहे तशी त्याची मर्यादाही आहे : माझे काम उतरवण्याचे, ठरवण्याचे नाही. आपल्याला ठाऊक आहे की प्रत्यक्षात असे होत नसे. वाचणारा आणि उतरवणारा एकच असल्यामुळे त्याच्या बोलीतले रूप, त्याच्या गुरूचा पाठ, त्याला अपरिचित वाटलेल्या शब्दाजागी परिचित शब्द, हे सारे प्रतीत शिरत असे. एनपीएमची 'इन्स्टॉल' ही आज्ञा अशीच लेखनिक होती. ती फाइल वाचताना तिची नवी प्रत करी, आणि प्रत करताना आपल्या यंत्राची, आपल्या पिढीची, आपल्या सवयींची छाप तिच्यावर उठवी. ही तुलना फार ताणू नये. पाठसंशोधक हरवलेल्या मूळ संहितेचा माग घेत असतो. लॉक फाइलच्या प्रत्येक जुन्या रूपाची प्रत गिटसारख्या व्यवस्थेत सुरक्षित असते आणि कोणती ओळ कोणत्या दिवशी बदलली हे क्षणात कळते. येथे पाठभेद मोजणे सोपे होते. त्यांचा अर्थ लावणे कठीण होते, कारण ते फार होते आणि बहुतेक निरर्थक होते.

खरा धोका ह्या निरर्थकपणातच होता. आज्ञावली लिहिणाऱ्या गटांत एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचून संमत करण्याची रीत आहे. वीस ओळींच्या बदलाबरोबर लॉक फाइलमधल्या चार हजार ओळी बदललेल्या दिसल्या, आणि असे दर आठवड्याला घडले, की वाचणारा त्या भागाकडे पाहणे सोडून देतो. त्या बदलांत काही नसते हे त्याला अनुभवाने कळलेले असते. २०१९ मध्ये सुरक्षेच्या अभ्यासकांनी नेमके हेच दाखवून दिले : बाहेरच्या कोणी सद्भावनेने पाठवल्यासारखा बदल पाठवावा आणि लॉक फाइलमधल्या एखाद्या पॅकेजाचा पत्ता आणि ठसा दोन्ही गुपचूप बदलून आपल्या मालाकडे वळवावेत, तर ते कोणाच्या नजरेस येणार? ठसा पत्त्याशी जुळतोच आहे. फक्त पत्ता चोराचा आहे.

नोंद बदलू दिली तर काय होऊ शकते, ह्याचे उदाहरण त्याआधीच घडून गेले होते. इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेज आठवड्याला वीस लाखांच्या आसपास वेळा उतरवले जाई. त्याच्या मूळ कर्त्याचे त्यातले स्वारस्य संपले होते. मदतीला पुढे आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हाती त्याने ते सोपवले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या माणसाने इव्हेंट-स्ट्रीमला फ्लॅटमॅप-स्ट्रीम हे एक नवे अवलंबन जोडले. त्याची ०.१.० ही आवृत्ती निरुपद्रवी होती. यादीत टोपीचे चिन्ह होते. ऑक्टोबरमध्ये ०.१.१ आली, आणि तिच्यात कोपे ह्या बिटकॉइनच्या पाकिटातले धन चोरण्याची योजना दडवलेली होती. नोव्हेंबरमध्ये ती उघडकीस आली, तीही एका जुनाट पद्धतीविषयीची सूचना पडद्यावर का उमटते ह्याचा शोध घेताना. ०.१.० आणि ०.१.१ ह्यांमधले अंतर म्हणजे तिसरा आकडा. संकेताप्रमाणे केवळ दुरुस्ती. ज्याच्या लॉक फाइलमध्ये ०.१.० होते आणि जिच्यात कोणी नकळत लिहिले नाही, त्याच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचली नाही. कोपेच्या काही आवृत्त्यांत ती पोहोचली होती.

उपाय शेवटी साधाच निघाला, आणि बंडलरने तो पूर्वीच सांगितला होता : वाचणारा आणि लिहिणारा निराळे करावेत. २०१८ च्या आरंभी एनपीएमने 'सीआय' ही स्वतंत्र आज्ञा आणली. ही आज्ञा लॉक फाइल वाचते, तिच्याप्रमाणे सारा माल नव्याने मांडते, यादी आणि नोंद जुळत नसतील तर चूक दाखवून थांबते, आणि नोंदीत कधीही लिहीत नाही. यार्नमध्ये ह्यासाठी नोंद 'गोठवण्याचा' पर्याय आहे, कार्गोमध्ये ती 'कुलूपबंद' ठेवण्याचा. गूगलमधून निघालेल्या गो ह्या भाषेने आणखी एक पाऊल टाकले. रस कॉक्स ह्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या तिच्या पद्धतीत पल्ल्यातली सर्वांत नवी आवृत्ती घेत नाहीत. सर्वांच्या किमान मागण्या पुऱ्या करणारी सर्वांत जुनी घेतात. त्यामुळे कोठारात नवे काही आले म्हणून निकाल बदलत नाही. तरीही आरंभी गोची बांधणीची आज्ञा तिच्या नोंदींत परस्पर लिहीत असे. फेब्रुवारी २०२१ मधल्या १.१६ ह्या आवृत्तीपासून ते थांबवण्यात आले. बांधणी ही वाचनाची क्रिया आहे, लेखनाची नाही, हे तत्त्व तेथे पर्याय न राहता नियम झाले.

ह्यावरून न बदलणारी नोंद हीच आदर्श नोंद, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. जुलै २०२४ मध्ये रस्टची १.८० ही आवृत्ती आली. तिच्या मूळ ग्रंथालयात घातलेल्या एका नव्या सोयीमुळे 'टाइम' ह्या लोकप्रिय पॅकेजाच्या जुन्या आवृत्त्यांतली एक ओळ संदिग्ध झाली, आणि भाषांतर करणारे यंत्र तिचा अर्थ लावण्यास नकार देऊ लागले. टाइमची सुधारलेली आवृत्ती आधीच आलेली होती. ज्यांनी ती स्वीकारली त्यांना काही जाणवले नाही. ज्यांनी लॉक फाइल निष्ठेने जपली होती त्यांचीच बांधणी मोडली. पाठ जसाच्या तसा होता. वाचक बदलला होता. जुन्या ग्रंथाला टीका का लागते, हे ज्यांना शिकवावे लागते त्यांना ह्या घटनेचे नवल वाटणार नाही.

म्हणून प्रश्न बदलाचा नाही. बदल कोणी, कधी आणि का केला हे सांगण्याचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा आपण हे केले आणि कोणत्या साली केले, हे त्यांनी ग्रंथाअखेर नोंदवले आणि पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. त्यांच्यापूर्वीच्या अनामिक लेखनिकांनीही पाठ बदललाच होता. फरक आहे तो घोषणेचा. लॉक फाइलच्या इतिहासातही 'अपडेट' ही आज्ञा जाणूनबुजून देणारा माणूस आणि 'इन्स्टॉल' म्हणताना नकळत पाठ बदलणारा माणूस ह्यांत हाच फरक आहे. पहिल्याला आपण काय केले हे विचारता येते.

हा फरक अजून सर्वत्र रुजलेला नाही. पायथॉनच्या जगात लॉक फाइलच्या सामाईक मांडणीचा एक प्रस्ताव २०२२ मध्ये फेटाळला गेला आणि दुसरा मार्च २०२५ मध्ये स्वीकारला गेला. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला चॉक, डीबग आणि अशाच आणखी काही अतिप्रसिद्ध पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या एनपीएमच्या कोठारात काही काळ होत्या. त्यांच्या कर्त्याला फसव्या पत्राने गाठून त्याच्या खात्याचा ताबा घेण्यात आला होता. त्या अवधीत ज्यांनी जुनी लॉक फाइल समोर ठेवून 'सीआय' ही आज्ञा दिली, त्यांना त्या आवृत्त्या मिळाल्या नाहीत. ज्यांनी लॉक फाइलवाचून किंवा नोंद ताजी करीत 'इन्स्टॉल' म्हटले, त्यांतल्या काहींना मिळाल्या, आणि त्यांच्या नोंदीतला तिसरा आकडा तेवढा बदललेला दिसला.